पुढच्या लिलावाच्या अटी लिहिण्याआधी: ट्रायला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

माझा मोबाइल नंबर गेली अठरा वर्षे तोच आहे, कंपन्या मात्र तीन झाल्या. पहिल्या कंपनीने सेवा गुंडाळली तेव्हा पोर्ट करताना माझ्यासमोर पाच-सहा नावे होती आणि कोणते निवडावे यावर घरात रीतसर चर्चा झाली होती. दुसरी कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. त्या वेळी मला कोणी काही विचारले नाही, फक्त एक एसएमएस आला. मध्यंतरी घरातली रेंज वारंवार जाऊ लागली म्हणून पुन्हा पोर्ट करायचे ठरवले आणि लक्षात आले की आता चर्चा करण्यासारखे काही उरलेलेच नाही. माझ्या घरात ज्यांची रेंज नीट मिळते अशा कंपन्या दोन. त्यांतल्या एकीला मी कंटाळलो होतो. राहिली दुसरी.

हे पत्र त्या रेंजच्या तक्रारीसाठी नाही. तक्रारीसाठी यंत्रणा आहे आणि ती मी वापरली आहे. मला लिहायचे आहे ते स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल ज्या रेडिओलहरींवर चालतो त्यांच्या, पुढच्या लिलावाबद्दल, कारण देशात किती मोबाइल कंपन्या असतील हे त्या लिलावाच्या अटींत ठरते, आणि त्या अटींची शिफारस आपण करता.

आपल्याकडे मोबाइलची सुरुवातच दोन कंपन्यांपासून झाली होती, याची आठवण करून देतो. चार महानगरांत प्रत्येकी दोन परवाने दिले गेले, मग सर्कलमध्येही (साधारण राज्यवार पाडलेल्या दूरसंचार विभागांत) तसेच. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्यानंतरची काही वर्षे मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. लोक नंबर पाहून फोन कट करत आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन लावत. ही स्थिती आपोआप बदलली नाही. 1999 च्या दूरसंचार धोरणानंतर सरकारी कंपन्यांना तिसरा परवाना मिळाला आणि 2001 मध्ये चौथ्या परवान्याचा लिलाव झाला. 2003 पासून येणारे कॉल मोफत झाले. दोनाचे चार कोणी केले? सरकारने आणि आपल्याच संस्थेने. बाजाराने नाही. तो निर्णय मुद्दाम, विचार करून घेतलेला होता.

आज आपलीच मासिक आकडेवारी सांगते की मोबाइल ग्राहकांपैकी सुमारे चाळीस टक्के जिओकडे आणि सुमारे तेहतीस टक्के एअरटेलकडे आहेत. म्हणजे दर चार ग्राहकांपैकी जवळपास तीन या दोघांचे. तिसरी कंपनी, व्होडाफोन आयडिया, थकबाकीच्या ओझ्याखाली आहे. सरकारने देणे भागभांडवलात वळते करून घेतल्यामुळे 2025 पासून तिच्यात सरकारचाच हिस्सा 49 टक्क्यांच्या घरात आहे. चौथी बीएसएनएल, तिची मालकी पूर्णपणे सरकारची. खासगी, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या आणि देशभर पसरलेल्या कंपन्या मोजायच्या तर गाडी दोनावरच थांबते.

जिओ 5 सप्टेंबर 2016 रोजी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिचे स्वागत केले आणि ते चुकीचे नव्हते. त्याआधी एक जीबी डेटासाठी अडीचशेच्या आसपास रुपये मोजावे लागत होते, हा सरकारचाच आकडा आहे. काही वर्षांत तो दहा रुपयांच्या घरात आला. लाखो मुले त्या डेटावर शिकली. जुन्या कंपन्यांनी पुरेसे इंटरकनेक्शन (एका जाळ्यावरून दुसऱ्यावर कॉल पोचवणाऱ्या जोडण्या) दिले नाही म्हणून ट्रायने त्यांच्यावर एकूण 3,050 कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली होती, ती नव्या कंपनीला दारातच अडवू नये म्हणून. त्या वेळी ट्राय नवागताच्या बाजूने उभी राहिली. माझे म्हणणे एवढेच आहे की पुढच्या नवागतासाठी ते दार उघडे राहिलेले नाही, आणि ते बंद होण्यात लिलावाच्या अटींचा वाटा मोठा आहे.

ते कसे, हे साध्या अंकगणितातून दिसते. एका सर्कलमधल्या एकूण स्पेक्ट्रमपैकी 25 टक्क्यांहून अधिक एका कंपनीकडे नसावे, अशी मर्यादा अनेक वर्षे होती. चौथाई मर्यादा असेल तर सगळे स्पेक्ट्रम वाटून घ्यायला किमान चार कंपन्या लागतात. मार्च 2018 मध्ये ती 35 टक्क्यांवर नेली गेली. आता तीन कंपन्यांत सगळे बसते. 2022 च्या लिलावात स्पेक्ट्रमच्या गटांनुसार 40 टक्क्यांची मर्यादा ठरली. आता दोन कंपन्या मिळून 80 टक्के घेऊ शकतात आणि बाकी सगळ्यांसाठी 20 उरतात. चाराचे तीन, तिनाचे दोन आणि एक तुकडा. प्रत्येक वेळी कारण होते, हे मला मान्य आहे. 2018 मध्ये कर्जात बुडालेल्या कंपन्यांना स्पेक्ट्रम विकून बाहेर पडता यावे आणि विलीनीकरणे सोपी व्हावीत, हा हेतू होता. पण अडचणीच्या काळासाठी केलेली सवलत नंतर नियम होऊन बसते आणि परत कोणी ती मागे घेत नाही. तेच इथे झाले आहे.

700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. या पट्ट्यातल्या लहरी लांब जातात, भिंतींतून आत शिरतात आणि कमी टॉवरमध्ये जास्त गावे व्यापतात. विरळ वस्तीच्या, डोंगराळ भागासाठी हे स्पेक्ट्रम फार उपयोगी आहे. 2016 मध्ये त्याची राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली लावता येत नाही ती, देशभरासाठी प्रति मेगाहर्ट्झ 11,485 कोटी रुपये ठेवली गेली. एकानेही बोली लावली नाही. 2021 मध्ये ती 6,568 कोटींवर आणली, तरी कोणी हात लावला नाही. 2022 मध्ये ती 3,927 कोटी झाली, तेव्हा जिओने देशातल्या सगळ्या, म्हणजे 22, सर्कलमध्ये 10 मेगाहर्ट्झ घेतले आणि 39,270 कोटी रुपये लावले. दुसऱ्या कोणी हा पट्टा घेतला नाही. जिओने काही गैर केले असे मी म्हणत नाही. तिने नियमाप्रमाणे बोली लावली आणि राखीव किंमत मोजली. पण 2016 ते 2022 या सहा वर्षांत काय झाले ते पाहा. किंमत परवडणारी होईपर्यंत विकत घेऊ शकणाऱ्या कंपन्याच गळाल्या. एअरसेल दिवाळखोरीत गेली. रिलायन्स कम्युनिकेशन्सची सेवा बंद झाली. टेलिनॉर आणि टाटा टेलिसर्व्हिसेसचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला. व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. ऑक्टोबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एजीआर (ज्या महसुलावर सरकारचे शुल्क ठरते त्याच्या व्याख्येबद्दलच्या) निकालाने उरलेल्यांवर हजारो कोटींचे देणे आले. सहा वर्षे महाग म्हणून पडून राहिलेले स्पेक्ट्रम शेवटी लिलावात एकाच्याच हाती गेले. त्या सहा वर्षांत ते कोणाच्याच उपयोगी पडले नाही, हा तोटा तर कुठल्या हिशेबात धरलाच जात नाही.

2022 च्या त्याच लिलावात एक नवे नाव दिसले होते. अदानी डेटा नेटवर्क्सने 212 कोटी रुपयांत 26 गिगाहर्ट्झ पट्ट्यातले 400 मेगाहर्ट्झ घेतले. ग्राहकसेवेसाठी नव्हे, स्वतःच्या उद्योगांसाठी, असे त्यांनी सांगितले होते. एप्रिल 2025 मध्ये ते स्पेक्ट्रम वापरण्याचा हक्क एअरटेल समूहाकडे देण्याचा करार झाला. म्हणजे इतक्या वर्षांत लिलावात उतरलेल्या एकमेव नवागताचे स्पेक्ट्रमही दोघांपैकी एकाकडे निघाले. नियमांत याला काही आडकाठी नव्हती.

आणि मग जून 2024. सरकारने 96 हजार कोटींहून अधिक राखीव किमतीचे स्पेक्ट्रम विक्रीला काढले. 25 जूनला सुरू झालेला लिलाव सात फेऱ्यांत, 26 जूनला संपला. 11,340 कोटींची विक्री झाली आणि बहुतेक सगळे स्पेक्ट्रम पडून राहिले. 27 जूनला जिओने दरवाढ जाहीर केली. 28 ला एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने केली. 3 आणि 4 जुलैला नवे दर लागू झाले. कोणी कोणाशी संगनमत केले असा आरोप मी करत नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही आणि तशी गरजही नाही. बाजारात दोन-तीनच विक्रेते असले की बोलल्याशिवायही एकाचे पाऊल पाहून दुसरा पाऊल टाकतो. त्या महिन्यात चिडलेले लोक बीएसएनएलकडे वळले. एका जुलैत तिचे सुमारे 29 लाख ग्राहक वाढले. लोकांना पर्याय हवा आहे हे सांगणारा याहून स्पष्ट कौल कोणता असेल? पण बीएसएनएलचे फोरजी जाळे तेव्हा तयार नव्हते आणि काही महिन्यांत तो ओघ आटला. तिचे स्वदेशी फोरजी देशभर सुरू झाल्याची घोषणा झाली 27 सप्टेंबर 2025 ला. देशात पहिली फोरजी सेवा 2012 मध्येच सुरू झाली होती. तेरा वर्षे सरकारने स्वतःच्याच कंपनीला मैदानाबाहेर बसवून ठेवले.

यावर स्पर्धा आयोग आहे की, असे मला एकदा सांगण्यात आले. कायदा वाचल्यावर तिथेही फार आशा दिसत नाही. 2017 मध्ये एअरटेलने जिओच्या मोफत सेवेविरुद्ध तक्रार केली, ती आयोगाने फेटाळली, कारण बाजारात आणखी मोठे प्रतिस्पर्धी होते आणि नवी कंपनी वर्चस्वशाली ठरत नव्हती. त्या दिवसाच्या बाजारासाठी तो तर्क समजू शकतो. डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दूरसंचारातील तांत्रिक प्रश्न आधी ट्रायने ठरवावेत, आयोगाची पाळी त्यानंतर. म्हणजे चेंडू आपल्या अंगणात आला. त्याच महिन्यात टीडीसॅट या दूरसंचार लवादाने ट्रायचा फेब्रुवारी 2018 चा तो आदेश रद्द केला, ज्यात 30 टक्क्यांवर हिस्सा असलेल्या कंपनीला मोठी बाजारशक्ती मानून तोट्यातल्या दरांवर नजर ठेवायची तरतूद होती. तो आदेश लिहिताना जुन्या मोठ्या कंपन्यांना वाटले की तो त्यांच्याविरुद्ध आणि नव्या कंपनीच्या सोयीचा आहे. आता परिस्थिती फिरली आहे. आज 30 टक्क्यांची ती रेघ ओढली तर तिच्या वर दोघे येतात. मात्र स्पर्धा कायद्याचे कलम 4 एका उद्योगाच्या किंवा एका समूहाच्या वर्चस्वाबद्दल बोलते. दोन वेगवेगळ्या समूहांचे मिळून वर्चस्व असू शकते ही कल्पनाच त्यात नाही. त्यामुळे आजचा बाजार कायद्याच्या चिमटीत सापडत नाही.

म्हणून सगळा भार लिलावाच्या अटींवर येतो. बाजार एकदा दोघांत वाटला गेला की नंतर तो मोडणे कोणालाही जमत नाही, पण परवाने वाटताना तो वाटला जाऊ नये एवढे करता येते. 2000 साली युरोपात थ्रीजीचे लिलाव झाले, त्यांतले दोन शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ब्रिटनमध्ये चार जुन्या कंपन्या होत्या. त्यांनी पाच परवाने काढले आणि त्यांतला एक, सर्वांत मोठा, फक्त नवागतासाठी राखून ठेवला. तेरा जण बोलीला आले आणि सरकारला सुमारे 22.5 अब्ज पौंड मिळाले. राखीव परवान्यातून थ्री ही पाचवी कंपनी उभी राहिली. नेदरलँड्समध्ये जुन्या कंपन्या पाच होत्या आणि परवानेही पाचच काढले. पाहुण्यासाठी खुर्चीच ठेवली नाही. एकच नवागत आला, तोही बोली सोडून गेला, पाचही परवाने जुन्यांकडे गेले आणि अपेक्षेच्या मानाने फारच थोडा पैसा हाती आला. ब्रिटनमधल्या त्या बोली नंतर कंपन्यांना जड गेल्या, हेही खरे. मी त्या किमतींची भलामण करत नाही. मुद्दा खुर्चीचा आहे. फ्रान्सने चौथा परवाना नवागताला दिला. जानेवारी 2012 मध्ये फ्री मोबाइल सुरू झाली आणि बाकी तिघांना दर उतरवावे लागले. जून 2024 चा आपला लिलाव मला ब्रिटनपेक्षा नेदरलँड्सच्या जवळचा वाटतो.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की हा धंदा अवाढव्य भांडवलाचा आहे, इथे फार कंपन्या टिकत नाहीत. 2008 नंतर काही सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक बुडाल्या, हे उदाहरण लगेच दिले जाते. मला बारा कंपन्या नकोच आहेत. 10 जानेवारी 2008 रोजी ज्या पद्धतीने 122 परवान्यांची वाट मोकळी झाली आणि 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे रद्द केले, ती पद्धत कोणालाच परत नको आहे. पण बारा आणि दोन यांच्यामध्ये चार हा आकडा असतो, आणि 2018 पर्यंत आपल्याच नियमांनी किमान चारांची जागा राखली होती.

दुसरा आक्षेप महसुलाचा. मोठ्या कंपन्यांवर मर्यादा घातली, काही स्पेक्ट्रम बाजूला ठेवले, की सरकारचे पैसे कमी होतील आणि पुन्हा कोणी तरी नुकसानीचा आकडा काढील, ही भीती टूजी प्रकरणानंतर सगळ्या फायलींवर बसली आहे. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सप्टेंबर 2012 मध्ये राष्ट्रपतींच्या संदर्भावर दिलेले मत पुन्हा वाचावे. लिलाव हाच एकमेव घटनात्मक मार्ग नाही आणि जास्तीत जास्त महसूल हेच एकमेव ध्येय असले पाहिजे असेही नाही, हे न्यायालयाने तिथे म्हटले आहे. सर्वांचे भले हे ध्येय. आणि महसुलाच्या हिशेबानेही पाहा: दोनच गिऱ्हाईक असलेल्या लिलावात राखीव किमतीच्या वर भाव जातो कुठे?

यात सरकारची स्वतःची अडचणही आहे, ती कोणी उघड बोलत नाही. स्पेक्ट्रम विकणारे सरकार. बीएसएनएलचे मालक सरकार. व्होडाफोन आयडियाचे सर्वांत मोठे भागधारक सरकार, आणि तिचे सर्वांत मोठे धनकोही सरकारच. इतक्या टोप्या एका डोक्यावर असताना स्पर्धेचा निर्णय सरकारनेच घेतला तर तो निःपक्ष आहे यावर कोण विश्वास ठेवील? ट्राय 1997 मध्ये वेगळी स्थापन झाली ती याच कारणासाठी. ट्राय कायद्याच्या कलम 11 मध्ये आपल्या कामांत पहिलेच काम लिहिले आहे: नव्या सेवादाराची गरज आहे का आणि तो केव्हा यावा, यावर शिफारस करणे. पुढे स्पर्धा वाढवण्याचे उपाय सुचवण्याचेही काम आपल्यावर आहे. सरकारने विचारले नाही तरी आपण स्वतःहून शिफारस करू शकता.

तर पुढच्या शिफारशींत मला काय हवे आहे ते नेमके लिहितो. 1 गिगाहर्ट्झखालच्या पट्ट्यांत एका कंपनीची मर्यादा 25 टक्क्यांकडे न्यावी. ज्यांच्याकडे आज जास्त आहे त्यांच्याकडून काही काढून घ्या असे नाही, पुढे त्यांना भर घालता येऊ नये एवढेच. प्रत्येक सर्कलमध्ये या पट्ट्यांतला एक पुरेसा तुकडा 30 टक्क्यांहून कमी बाजारहिस्सा असलेल्यांसाठी किंवा अगदी नव्या कंपनीसाठी राखून ठेवावा, आणि तो ठरावीक वर्षे मोठ्यांना विकता, भाड्याने देता किंवा विलीनीकरणातून सोपवता येऊ नये. ही दुसरी अट नसेल तर पहिली निरर्थक आहे, 26 गिगाहर्ट्झचे ते 400 मेगाहर्ट्झ आठवावेत. राखीव किंमत अशी नको की ती परवडेपर्यंत घेणारेच संपतील.

त्याहून मोठी गोष्ट दुसऱ्याच्या जाळ्यावर सेवा देणाऱ्या कंपन्यांची. आभासी जालसेवादारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मे 2016 मध्ये आली. इतक्या वर्षांत आपल्यापैकी किती जणांनी अशा कंपनीचे सिम पाहिले आहे? युरोपात अशा कंपन्या डझनावारी आहेत, कमी बोलणाऱ्यांसाठी वेगळ्या, परदेशी कामगारांसाठी वेगळ्या. इथे त्या उभ्या राहिल्या नाहीत, कारण जाळ्याचा मालक घाऊक दराने मिनिटे आणि डेटा द्यायला बांधलेला नाही. ज्या कंपनीचा हिस्सा 30 टक्क्यांवर आहे तिने वाजवी, जाहीर आणि सगळ्यांना सारख्या घाऊक दराने आपले जाळे खुले करावे, ही अट पुढच्या परवान्याला जोडता येते. नवे टॉवर उभारायला लागणारे हजारो कोटी न घालताही स्पर्धा आणायचा हा मार्ग आहे, आणि भांडवलाच्या आक्षेपाला याहून सरळ उत्तर मला सुचत नाही.

8 जुलै 2022 रोजी कॅनडात रॉजर्स या एकाच कंपनीचे जाळे बंद पडले तेव्हा देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार अडले. आपल्याकडे बँकेचा ओटीपी, यूपीआय, रेशनची पडताळणी, सगळे त्याच सिमवर येते. दोनापैकी एक जाळे एक दिवस बंद पडले तर काय होईल याचा विचार लिलावाच्या कागदपत्रांत मला कुठे दिसलेला नाही. तो असावा.

आपल्याच 23 डिसेंबर 2024 च्या नियमांनी केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळा रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक झाले. ज्यांना डेटा नको त्यांच्यावर डेटा लादू नये, ही साधी गोष्ट आपण करून दाखवली. तेव्हाही कंपन्यांचा विरोध होता. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिण्यात अर्थ आहे असे मला वाटते.

एक शेवटची मागणी, जिला पैसा लागत नाही. पुढच्या शिफारशींच्या पहिल्या पानावर एक तक्ता छापा: या अटींनी लिलाव झाला तर प्रत्येक सर्कलमध्ये जास्तीत जास्त किती स्पेक्ट्रम एकाकडे आणि किती दोघांकडे मिळून जाऊ शकते, आणि नव्या कंपनीसाठी किती उरते. महाराष्ट्र सर्कलच्या ओळीतला शेवटचा आकडा मी सर्वांत आधी पाहीन.

आपला,
एक मोबाइल ग्राहक